जपानी चित्रांतली स्त्री आणि ऋतू : चेहऱ्याआधी वस्त्र बघा

प्रश्न असा होता : जुन्या जपानी चित्रांतल्या बायकांचे चेहरे एकसारखे दिसतात, चेहऱ्यावर भावही फारसा नसतो, तरी चित्राच्या नावात कुठे वसंत, कुठे शरद असतो. हा ऋतू ओळखायचा कशावरून? आणि बाई आणि ऋतू ही जोडी जपानी चित्रकारांनी इतकी शतकं धरून का ठेवली?

मी निहोंगा पद्धतीनं, म्हणजे खनिज रंग, सरस आणि रेशीम किंवा कागद वापरून, चित्रं काढते आणि शिकवते. त्यामुळे हे उत्तर चित्र काढणाऱ्याच्या बाजूचं आहे. ऋतू चेहऱ्यात शोधू नका. तो कापडाच्या पोतात असतो, बाहीच्या टोकाशी असतो, हात काय करतोय त्यात असतो आणि चित्राच्या कडेला कुठेतरी दोन पानांत असतो. चेहरा चित्रकारानं समजून-उमजून शांत ठेवलेला असतो. तिच्या मनात काय चाललंय ते सांगण्याचं काम त्यानं ऋतूवर सोपवलेलं असतं.

आधी पंचांग समजून घ्यायला हवं, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. जपानमध्ये १८७२ सालच्या अखेरपर्यंत चांद्र-सौर कालगणना होती. महिना अमावास्येपासून मोजायचा आणि सूर्याशी मेळ बसावा म्हणून अधूनमधून अधिक महिना धरायचा. महाराष्ट्रातल्या पंचांगाशी हे इतकं जवळचं आहे की मराठी वाचकाला ते पटकन उमगेल. तिथलं नवं वर्ष बहुधा आपल्या माघाच्या सुरुवातीला येई आणि तोच वसंताचा पहिला दिवस मानला जाई. पहिले तीन महिने वसंत, पुढचे तीन उन्हाळा, सातवा ते नववा शरद आणि शेवटचे तीन हिवाळा. म्हणून बर्फ पडत असताना एखादी मुलगी फुललेल्या उमे (जपानी अलुबुखार) झाडाखाली उभी दिसली तर तो हिवाळा नव्हे, वसंत. आणि सातव्या महिन्याच्या सप्तमीला बांबूच्या फांदीवर कागदाच्या चिठ्ठ्या बांधणाऱ्या बायका दिसल्या तर तो शरद. आपल्याकडे श्रावण सुरू असतो त्या दिवसांत तिथे शरद लागलेला असतो.

वर्षा हा वेगळा ऋतू तिथे नाही, पण पाऊस भरपूर आहे आणि तो चारही ऋतूंत वाटलेला आहे. वसंतातला भुरभुर पाऊस वेगळा, पाचव्या महिन्यातली झड वेगळी, भर उन्हाळ्यात संध्याकाळी कोसळणारी सर वेगळी, आणि हिवाळ्याच्या तोंडावर पानगळीवरून सरकत जाणारी शिगुरे वेगळी. चित्रात या सगळ्यांसाठी तिरप्या रेषाच असतात. म्हणून रेषा बघून भागत नाही. छत्रीवर काय चिकटलंय, पायांत काय आहे, बाई पळतेय की थांबलीय, हे बघावं लागतं.

याचा फार सुंदर नमुना म्हणजे सुझुकी हारुनोबू या चित्रकाराचं १७६५ सालचं छापचित्र 'यूदाची', म्हणजे संध्याकाळची सर. एक मुलगी बांबूवर वाळत घातलेले कपडे काढायला धावत बाहेर आलीय. वाऱ्यानं तिचं वस्त्र उडतंय, एका पायातली गेता, म्हणजे लाकडी चप्पल, मागेच राहिलीय. चेहरा मात्र हारुनोबूच्या इतर कुठल्याही मुलीसारखा, लहानसा आणि निवांत. सगळी धांदल पायात आणि कापडात आहे. आता दोरीसारख्या लांब बांबूवरच्या कपड्याकडे नीट बघा. त्यावरच्या नक्षीत आकडे लपवलेत : २, ३, ५, ६, ८, १०. त्या वर्षी हे महिने मोठे, म्हणजे ३० दिवसांचे होते. उरलेले २९ दिवसांचे. दरवर्षी मोठे-लहान महिने बदलत, म्हणून ते लक्षात ठेवण्यासाठी एदोमधली (आजचं तोक्यो) हौशी मंडळी अशी चित्रं खासगीरीत्या छापून घेत आणि एकमेकांना भेट देत. १७६५च्या या चढाओढीतूनच अनेक लाकडी ठशांची, पूर्ण रंगीत छापचित्रं सुरू झाली. मला याचं फार मोल वाटतं. जपानी रंगीत छापचित्राचा उगमच दिनदर्शिकेत आहे, आणि त्या दिनदर्शिकेवर एक घरकाम करणारी मुलगी आहे.

हारुनोबूनं पुढच्याच वर्षी याहून धीट गोष्ट केली. चिनी परंपरेत श्याओ आणि श्यांग नद्यांच्या काठची आठ दृश्यं ठरलेली होती : शरदाचा चंद्र, उतरणारे हंस, संध्याकाळचा बर्फ, रात्रीचा पाऊस वगैरे. त्यानं ही आठही दृश्यं घराच्या आत आणली. आरशाची गोल तबकडी हा शरदाचा चंद्र. कोतो या तंतुवाद्याच्या तिरक्या ओळीत लावलेल्या घोड्या हे उतरणारे हंस. रेशमी कापूस ताणून ठेवण्याच्या लाखी साच्यावरचा पांढरा थर हा संध्याकाळचा बर्फ. उकळत्या किटलीचा आवाज म्हणजे रात्रीचा पाऊस. प्रत्येक चित्रात दोन-तीन बायका आपापल्या कामात आहेत. बाहेर ऋतू कुठलाही असो, त्यांच्या खोलीत त्या वस्तूंनी तो आणलेला आहे.

आता वस्त्राकडे येऊ, कारण खरी किल्ली तीच. एदो काळात (सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८६८ पर्यंत) कपडे बदलण्याचे दिवस ठरलेले होते. चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी कापूस भरलेला किमोनो जाऊन अस्तराचा यायचा. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवसापासून बिनअस्तरी. नवव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पुन्हा अस्तर, आणि त्याच महिन्याच्या नवव्या दिवसापासून पुन्हा कापूस. आजही किमोनो नेसणाऱ्या बायका साधारण जूनमध्ये बिनअस्तरी, जुलै-ऑगस्टमध्ये जाळीदार विणीचं 'रो' किंवा 'शा', सप्टेंबरमध्ये पुन्हा बिनअस्तरी आणि ऑक्टोबर ते मे अस्तराचा, हा क्रम पाळतात. म्हणून चित्रात आधी घेराच्या काठाशी बघा. काठ जाडसर, गुबगुबीत वळलेला असेल तर आत कापूस आहे : शरदाचा शेवट, हिवाळा किंवा वसंत. काठाला दुसऱ्या रंगाचं अस्तर डोकावत असेल तर उन्हाळ्याची सुरुवात किंवा शरदाचा शेवटचा महिना. बाहीतून हाताची रेषा दिसत असेल तर भर उन्हाळा.

नक्षीवर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका. नक्षी ऋतूच्या थोडी पुढे असावी असा संकेत आहे. फुलं झाडावर यायच्या आधी वस्त्रावर येतात. कधी ती मुद्दाम उलटी असते : उन्हाळ्याच्या पातळ कापडावर बर्फाच्या पाकळीदार वर्तुळांची नक्षी, नुसत्या बघण्यानं थंड वाटावं म्हणून. हिशिकावा मोरोनोबूचं 'वळून बघणारी सुंदरी' हे चित्र तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या लाल किमोनोवर चेरी आणि शेवंती दोन्ही आहेत, म्हणजे वसंतही आणि शरदही. मागची पार्श्वभूमी कोरी. इथे ऋतू ठरवायला जाऊच नये. मोरोनोबू जरीकाम आणि भरतकाम करणाऱ्यांच्या घरातला. ती बाई वळलीय तीच मुळी आपल्याला पाठीवरचं कापड दिसावं म्हणून, असं मला ते चित्र बघताना दर वेळी वाटतं.

पांढऱ्या रंगाचंही तसंच. आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी एदोच्या योशिवारा या गणिकावस्तीतल्या बायका शुभ्र वस्त्रं नेसत. पांढरं दिसलं म्हणजे थंडी, असं धरलं तर शरदातल्या गरम दिवसाला तुम्ही हिवाळा म्हणून बसाल.

पातळ कापड रंगवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कसोटीचं. आधी हात पूर्ण काढावा लागतो, अगदी उघडा असल्यासारखा. मग आतल्या झग्याच्या कडा. ते सगळं वाळलं की त्यावरून गोफुनाचा, म्हणजे शिंपल्यांच्या पांढऱ्या भुकटीचा, इतका विरळ हात फिरवायचा की खालची रेषा बुजता कामा नये आणि ती कापडाबाहेर आहे असंही वाटता कामा नये. सरस जास्त झाला तर थर तडकतो. कमी झाला तर पुढच्या कुंचल्याबरोबर उठून येतो. मुंबईच्या दमट हवेत शिजवलेला सरस लवकर नासतो, म्हणून तो लागेल तेवढाच करावा लागतो आणि प्रमाण रोज नव्यानं जमवावं लागतं. रेशमावर काम असेल तर काही रंग मागच्या बाजूनं दिले जातात, म्हणजे पुढून फक्त त्यांची ऊब दिसते. हे एकदा हातानं केलं की उन्हाळ्याच्या चित्रांत बाहीजवळ किती वेळ गेलाय ते कळतं, आणि चेहरा दोन रेषांत का संपवला तेही.

छापचित्रात हेच ठशांनी साधायचं. कितागावा उतामारोनं मच्छरदाणीआडच्या बायका काढल्या, तेव्हा जाळीच्या उभ्या आणि आडव्या रेषा वेगवेगळ्या ठशांवर कोरून एकावर एक छापल्या गेल्या. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव बहुधा चित्रावर नसतं, पण तो उन्हाळा त्यांचाही आहे. बर्फ याच्या उलट : तिथे काहीच छापायचं नाही. हारुनोबूच्या एका छत्रीखाली बर्फातून चाललेल्या जोडप्याच्या चित्रात तो काळ्या वस्त्रांत आणि ती पांढऱ्यात आहे. बर्फाचा जाडपणा शाई न लावलेल्या ठशानं कागद दाबून उठवलेला आहे. चित्र हातात घेऊन उजेडाशी तिरपं धरलं तरच तो दिसतो. भिंतीवरच्या काचेआड निम्मा हरवतो.

दुसरा प्रश्न, ही जोडी का. याचं मूळ चित्रात नाही, कवितेत आहे. ९०५ च्या सुमाराच्या 'कोकिनवाकाशू' या राजाज्ञेनं झालेल्या संग्रहाचे वीस भाग आहेत. त्यांतले पहिले सहा ऋतूंचे आणि पाच प्रेमाचे. बाकी सगळं उरलेल्यात. दोन्हींची भाषा एकच : दव म्हणजे अश्रू, गळणारी चेरी म्हणजे हातून निसटलेला काळ. त्याच काळात दरबारातल्या पडद्यांवर बारा महिन्यांची चित्रं असत आणि कवी त्या चित्रातल्या माणसाच्या तोंडची कविता रचून पडद्यावर चिकटवत. म्हणजे चित्रातल्या बाईनं स्वतः काही बोलायचं नाही. समोरचं झाड आणि शेजारची कविता तिच्या वतीनं बोलणार, ही रीत तेव्हाच पडली.

मुरासाकी शिकिबू या लेखिकेच्या गेन्जीच्या कथेत हे घराच्या नकाशातच उतरलंय. कथानायक गेन्जी आपल्या वाड्याचे चार भाग करतो, प्रत्येकाला एका ऋतूची बाग देतो आणि तिथे एकेक स्त्री राहायला येते : मुरासाकीकडे (ही कथेतली, लेखिका नव्हे) वसंत, आकिकोनोमूकडे शरद, हानाचिरुसातोकडे उन्हाळा, आकाशीच्या बाईकडे हिवाळा. शरदात आकिकोनोमू एका पेटीच्या झाकणात रंगलेली पानं घालून मुरासाकीला पाठवते : माझा ऋतू बघ. तेव्हा वसंताच्या बागेत दाखवण्याजोगं काही नसतं. मुरासाकी खडक आणि पाइन यांची छोटी रचना करून उत्तर देते. हा मानाचा आणि अभिरुचीचा सामना आहे, आणि तो पूर्णपणे ऋतूंच्या भाषेत चाललाय.

पण मला सगळ्यात जवळचा प्रसंग पुढचा. बाराव्या शतकातल्या गेन्जी चित्रगुंडाळीचा एक तुकडा तोक्योच्या गोतो संग्रहालयात आहे. वसंताची मालकीण मुरासाकी आजारी आहे आणि शरद आहे. खोलीत ती, गेन्जी आणि तिनं वाढवलेली मुलगी. चेहरे परंपरेप्रमाणे : डोळ्याला एक रेघ, नाकाला एक आकडी. त्यांवर दुःखाची एकही खूण नाही. मात्र शेजारी बाग आहे, आणि तिथली शरदात फुलणारी हागीची झुडपं, लांब गवताची पाती वाऱ्यानं पार वाकलीत. तिघांचंही रडणं चित्रकारानं त्या गवतात घातलंय. मुरासाकी त्याच शरदात जाते. चेहरे सारखे का, याचं याहून चांगलं उत्तर मला देता येणार नाही.

इथे आपल्याकडच्या बारामासा चित्रांची आठवण येणं साहजिक आहे. राजस्थानी आणि पहाडी बारामासात बहुतेक वेळा नायिका नायकाला म्हणते, या महिन्यात जाऊ नकोस. जपानी बारमाही चित्रांत पुरुष पुष्कळदा नसतोच. बाई कपडे वाळत घालते, काजवे बघते, दार किलकिलं करून बर्फ बघते. कात्सुकावा शुन्शोनं बायकांच्या बारा महिन्यांचे लांबट पट रेशमावर काढले; त्याच्या हातचे दहा आज आतामीच्या एमओए संग्रहालयात आहेत. ते बघितले की हा फरक लगेच जाणवतो.

एदो काळात या नाजूक परंपरेला बाजार जोडला गेला, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. योशिवारात दरवर्षी तिसऱ्या महिन्यात मुख्य रस्त्यावर फुललेली चेरीची झाडं आणून लावत आणि बहर संपला की उपटून नेत. त्या वस्तीभोवती खंदक होता आणि मुख्य दरवाजा एकच. कर्जापायी लहानपणीच विकल्या गेलेल्या मुली तिथे राहत. त्यांना फुलं बघायला बाहेर जाता येत नसे, म्हणून फुलं आत येत, गिऱ्हाइकांसाठी. उतामारोच्या तीन प्रचंड चित्रांत एक हेच आहे : योशिवारातली चेरी. दुसऱ्यात शिनागावाचा चंद्र, तिसऱ्यात फुकागावाचा बर्फ; याही तशाच वस्त्या. बर्फाचं चित्र जवळपास दोन मीटर उंच आणि साडेतीन मीटरच्या आसपास रुंद आहे. कित्येक दशकं त्याचा पत्ता नव्हता. २०१४ मध्ये ते सापडल्याचं जाहीर झालं आणि २०२५ मध्ये लिलावात विकलं जाईपर्यंत ते हाकोनेच्या ओकादा संग्रहालयात होतं. चेरी अमेरिकेत हार्टफर्डला, चंद्र वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात. या तीन चित्रांतले रंग बघताना माझे डोळे निवतात. पण तो ऋतू त्या बायकांचा नाही, त्यांच्यासमोर मांडलेला आहे, हे मी शिकवताना प्रत्येक वेळी सांगते. इसोदा कोर्यूसाइच्या गणिकांच्या नव्या नक्षींच्या मालिकेत शंभराहून जास्त चित्रं आहेत, आणि तिथे ऋतू म्हणजे बऱ्याच अंशी किमोनोची जाहिरात आहे.

म्हणूनच उएमुरा शोएन मला इतकी महत्त्वाची वाटते. १८७५ साली क्योतोत जन्म. वडील ती जन्मायच्या आधीच गेले, आईनं चहापत्तीचं दुकान चालवून मुलींना वाढवलं. १८९० मध्ये, पंधराव्या वर्षी, तिनं 'चार ऋतूंच्या सुंदरी' हे चित्र तोक्योच्या तिसऱ्या राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शनात ठेवलं. चार ऋतूंना तिनं चार वयं दिली : वसंताला सर्वांत लहान मुलगी, हिवाळ्याला सर्वांत प्रौढ बाई. ते चित्र विकत घेतलं व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट यानं. दिल्लीचं कॉनॉट प्लेस ज्याच्या नावाचं, तोच. १८८६ ते १८९० तो मुंबई इलाख्याच्या लष्कराचा सरसेनापती होता, आणि इथली नेमणूक संपवून मायदेशी परतताना जपानमार्गे गेला होता. मुंबईहून निघालेल्या माणसानं एका अनोळखी मुलीचं पहिलं मोठं चित्र घेतलं आणि तिचं नाव वर्तमानपत्रांत आलं.

पुढे शोएननं गणिकांचा बाजारी ऋतू बाजूला ठेवला आणि घरातला ऋतू हातात घेतला. १९४१ च्या 'संध्याकाळ'मध्ये एक बाई सरकतं दार उघडून मावळत्या उजेडात सुई ओवतेय. १९४३ च्या 'शरदाचा शेवट'मध्ये दाराच्या कागदाला पडलेलं भोक नवा तुकडा चिकटवून बुजवतेय. थंडी येणार आहे, एवढंच. फुलं नाहीत, चंद्र नाही, बर्फ नाही. पण तिच्या बोटांकडे बघितलं की गार वारा कुठून येतोय ते कळतं. १९४८ मध्ये तिला जपानचा संस्कृती सन्मान मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

तिच्या बरोबरीनं बघावा असा तोक्योचा काबुराकि कियोकाता. त्याचं १९२७ चं 'त्सुकिजी आकाशी-चो' १९७५ नंतर दिसेनासं झालं होतं. २०१९ मध्ये तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयानं ते घेतलं. वाचायचा सराव करायला याहून चांगलं चित्र नाही. बाई उभी आहे, मान वळलेली. काळा हाओरी, म्हणजे वरून घालायचा आखूड झगा, पण आतला किमोनो फिकट निळसर आणि हलका, म्हणजे उन्हाळा पुरता गेलेला नाही. दोन्ही बाह्या तिनं पुढे आवळून धरल्यात : सकाळची हवा बोचतेय. मागच्या कुंपणावर मॉर्निंग ग्लोरीचा वेल, काही फुलं अजून आहेत, खालची पानं पिवळी पडलीत. धुक्यात जहाजाची डोलकाठी. या एवढ्याशा खुणांवरून दिवस जवळजवळ तारखेपर्यंत ठरतो, आणि ती कोणाची वाट बघून परत निघालीय की कुठे जायच्या आधी थांबलीय, हे मात्र कधीच ठरत नाही.

बघायला सुरुवात करायची असेल तर हारुनोबूचं 'यूदाची' आणि कियोकाताचं हे चित्र मोठ्या आकारात मिळवून शेजारी ठेवा. एक सावधगिरी घ्या. अठराव्या शतकातल्या छापचित्रांतला निळा पुष्कळदा त्सुयुकुसा नावाच्या फुलांचा असे, आणि तो उजेडानं, दमटपणानं उडून मातकट पिवळा होतो. कुसुंब्याचा लालही फिका पडतो. त्यामुळे आज पिवळसर संध्याकाळ वाटणारं आकाश मुळात वसंतातलं निळं असू शकतं. १८३० च्या सुमारास प्रशियन निळा सर्रास वापरात आल्यावरची चित्रं या बाबतीत जास्त भरवशाची. त्याआधीची चित्रं बघताना एकाच चित्राच्या दोन-तीन संग्रहांतल्या प्रती शोधा. बहुतेक मोठ्या संग्रहालयांनी त्या आपापल्या संकेतस्थळांवर खुल्या ठेवल्या आहेत. ज्या प्रतीत निळा आणि जांभळा टिकलाय, ती प्रमाण धरा.